संगमरवरी अर्धपुतळा शिल्पकार स्वतःच कोरत असे का, आणि त्याचे पैसे कोणाला मिळत?

बहुतेक वेळा नाही. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या कार्यशाळांत शिल्पकार मातीत चेहरा घडवी; त्यावरून प्लास्टरचा साचा व प्रतिकृती तयार होई आणि दगडावरचे काम पगारी कारागिरांकडे जाई. प्रतिकृतीवर खुणेचे बिंदू ठरवून, प्रत्येक बिंदूची खोली मोजून, तितक्याच खोलीपर्यंत संगमरवरात छिद्रे पाडली जात व मधला दगड छिन्नीने काढला जाई. अखेरचा हात शिल्पकार फिरवी, तोही नेहमीच नव्हे.

लंडनचा शिल्पकार जोसेफ नॉलेकेन्स याचे उदाहरण बोलके आहे. ब्रिटिश पंतप्रधान विल्यम पिट (धाकटे) यांचे 1806 मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याच्या ठशावरून त्याने अर्धपुतळा घडवला. नॉलेकेन्सचा शिष्य व चरित्रकार जे. टी. स्मिथ याच्या नोंदीनुसार या अर्धपुतळ्याच्या 74 संगमरवरी प्रती प्रत्येकी 120 गिनींना, म्हणजे 126 पौंडांना, विकल्या गेल्या. कोरणाऱ्याला मात्र एका प्रतीमागे सुमारे 24 पौंड मिळत. दगडाचा खर्च वजा केला तरी मोठा वाटा नाव असलेल्या शिल्पकाराकडेच जाई. प्लास्टरच्या प्रती सहा गिनींना जात, त्यामुळे पिट यांचे मध्यमवर्गीय अनुयायीही गिऱ्हाईक झाले.

मला यात फसवणूक दिसत नाही, कारण ही पद्धत गिऱ्हाइकांनाही ठाऊक होती. खटकते ते एवढेच, की ओठांची कड आणि पापणीची जाडी ज्यांनी दगडात साधली, त्यांची नावे पुतळ्यावर कोरली गेली नाहीत. मुंबईच्या टाउन हॉलमधील माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा पुतळाही शिल्पकार फ्रान्सिस चँट्री याच्या अशाच मोठ्या कार्यशाळेतून आला.