मे महिन्यात जन्मणाऱ्या बाळासाठी काय विणावं?

तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात विणायला कोणती कामं घ्यावीत. हाताला घाम येतो, लोकर सुईवर सरकत नाही, बहिणीचं बाळंतपण मे अखेरीस आहे, तिच्या बाळासाठी लोकरीचा सेट करायचाय आणि जमलं तर नवऱ्याचा स्वेटरही. बाकीचं नंतर सांगते, आधी त्या सेटचं. लोकर आणली नसेल तर आणू नका. आणली असेल तर दिवाळीपर्यंत डब्यात राहू द्या.

माझी मुलगी १६ मे २००५ ची. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, अकोल्यात होते. बारसं बाराव्या दिवशी, २७ तारखेला. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत अकोल्याचा माणूससुद्धा दुपारी उंबरा ओलांडत नाही, पारा ४५ ला टेकलेला असतो. त्यात ते भारनियमनाचे दिवस. वीज कधी जाईल आणि कधी येईल त्याचा भरवसा नाही, कूलर पाण्यानं भरून नुसता उभा. बारसं संध्याकाळी ठेवलं होतं, तरी भिंतींना हात लावला की चटका बसत होता.

नणंदबाई बाळंतविडा घेऊन आल्या. आत्याचाच मान तो, नावही तीच कानात सांगणार. डिंकाचे लाडू, माझी साडी, बाळाचे वाळे आणि सगळ्यात वर पिवळ्या लोकरीचा सेट: पुढून बटणांचा स्वेटर, कानांवर येणारं टोपडं, पायमोजे, हातमोजे. काम उत्तम होतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. गळ्याचे टाके एकसारखे उचललेले, बाह्यांची शिवण आतून पाहिली तरी सापडत नव्हती. ताई दोन महिने त्यावर बसल्या होत्या. त्यांनीच तो बाळाला घातला, पाळण्यात ठेवलं, नाव सांगितलं. मग फोटो, मग आलेल्या प्रत्येक बाईचं पाळण्याला झोका देणं, ओटी भरणं. दीडेक तास गेला असेल. पोरगी आधी खूप रडली आणि मग एकदम गप्प झाली. सगळे म्हणाले, झोपली.

माझी आई स्वयंपाकघरातून आली, बाळाच्या मानेमागे दोन बोटं घातली आणि म्हणाली, "लेकराले उकडून राह्यलं. काढ ते आंगातलं." आत नेऊन काढलं तर टोपड्याखाली केस ओलेचिंब, मानेच्या वळ्यांत आणि छातीवर लाल पुरळ. अंगावर घेतलं तर ओढेना. ओल्या पंच्यानं पुसलं, उघडं ठेवलं, तेव्हा अर्ध्या तासानं ती प्यायली. घामोळं पुढे आठ-दहा दिवस गेलं नाही.

मी बाहेर येऊन म्हणाले, "ताई, मे महिन्यात लोकर कशाला आणली?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडची सगळी मुलं लोकरीतच वाढली. बाळाला ऊब लागते. आणि विणायचं तर लोकरीचंच विणतात, सुताचं काय विणायचं?" त्यातल्या शेवटच्या वाक्याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. ते आता देते.

आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा लोकर नसतेच, ॲक्रिलिक असतं. मेंढीची खरी लोकर बरीच ओल पोटात घेते. ॲक्रिलिक जवळजवळ काहीच घेत नाही, घाम अंगावरच राहतो. लहान बाळाला तर नीट घाम काढून अंग थंड ठेवताही येत नाही, आणि "उकडतंय" हे त्याला सांगता येत नाही. सूत घाम शोषतं, वाळतं, रोज धुतलं तरी चालतं. ज्या वऱ्हाडाचा कापूस १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना मँचेस्टरच्या गिरण्यांकडे गेला, ज्या कापसासाठी जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपुरात काढली, त्या वऱ्हाडातल्या बाळाला भर मेमध्ये ॲक्रिलिक घालायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

माझे वडील सूतगिरणीत होते. घरी माळ्यावर १० नंबर सुताचे चार-पाच कोन (शंकूच्या आकाराची रिळं) पडलेले असायचे, आई त्यानं पापडाच्या पिशव्यांची तोंडं बांधायची. (सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. १० नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या १० लडी. दुकानदाराला हे विचारलंत की तो नीट माल दाखवतो.) बाळंतिणीनं बारीक काम केलं तर डोळे जातात म्हणून मला सुया दिल्या नव्हत्या. सव्वा महिना झाला त्याच दिवशी मी कोन खाली काढले. कोऱ्या सुतावर कापसाचं मेण असतं, ते पाणी धरत नाही, म्हणून आधी लडी करून थोडा साबण घालून उकळल्या. वाळल्यावर चार पदर एकत्र करून गुंडा केला आणि १२ नंबरच्या (पावणेतीन मिलिमीटरच्या) सुयांवर झबलं घातलं. इंचाला सात टाके येत होते, पाठीला ९ इंचांचे ६३ टाके धरले.

पहिलं झबलं फसलं. लांबी १० इंच विणली, धुऊन दोरीवर टांगलं आणि संध्याकाळी मोजलं तर साडेअकरा. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, ओल्या सुताचं वजन त्यालाच खाली ओढतं. तेव्हापासून मी आधी चार इंचांचा नमुना विणते, धुते, पंच्यावर सपाट वाळवते आणि मगच टाके मोजते. तुम्हीही यात आळस करू नका. दुसरं झबलं बरोबर बसलं. ते अंगरख्यासारखं होतं, बाजूला दोन आखूड नाड्या, डोक्यातून घालायची भानगड नाही. सुती गळा ताणत नाही, त्यामुळे लहान बाळासाठी मला हाच प्रकार पटतो. बॉर्डर एक सुलट एक उलट घातलीत तर ती लोकरीसारखी आवळून बसणार नाही. सुया दोन नंबरांनी बारीक घ्या आणि सुलट टाका मागच्या बाजूनं विणा. किंवा बॉर्डर सोडाच, चार ओळी दोन्हीकडून सुलट पुरतात. अंगावर मोठी जाळी छान दिसते, हवाही खेळते. मोज्यांना मात्र जाळी नको, बाळाची बोटं भोकांत अडकतात.

एका झबल्याला ६०-७० ग्रॅम सूत लागतं. मेअखेरपर्यंत रोज तासभर बसलात तर तीन होतील. कोन मिळाले नाहीत तर दुकानात विणकामाचा सुती दोरा ४ प्लायमध्ये मागा. क्रोशाचा २० नंबरचा चमकदार दोरा घेऊ नका, सुयांवर तो फार बारीक पडतो.

घामाचं म्हणाल तर ॲल्युमिनिअमच्या सुया बाजूला ठेवा. ओल्या हातात त्या कचकचतात आणि ॲक्रिलिक त्यांना चिकटतं. बांबूच्या घ्या. मी पहाटे साडेपाच ते सात विणते, दुपारी कूलरसमोर बसत नाही, तिथे सगळं दमट होतं.

नवऱ्याचा स्वेटर सुरू करायला हरकत नाही, पण बाह्या आधी विणा. मांडीवर भार नसतो, गरम होत नाही. पाठ आणि पुढा दसऱ्यानंतर घ्या. सगळी लोकर एकदम आणि एकाच लॉट नंबरची आणा, नाहीतर बाह्यांचा रंग अंगाशी जुळणार नाही. खरी लोकर असेल तर पावसाळ्याआधी कडुनिंबाचा पाला घालून डबा घट्ट बंद करा, कसर लागते. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, पण त्यावर गरम इस्त्री फिरवलीत तर वीण कायमची लोळते.

ताई आजही म्हणतात की दोऱ्याची तोरणं करावीत, ताटावरचे रुमाल करावेत, त्याला विणकाम म्हणू नये. सूत विणणं लोकरीपेक्षा अवघड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकर फुगते आणि टाक्यांतला फरक झाकून टाकते. सुतात एक टाका सैल पडला तर तो धुतल्यावरही तसाच दिसतो. माझं ते दुसरं झबलं माझ्या मुलीनंतर भावाच्या दोन्ही मुलांनी आणि शेजारच्या एका बाळानं घातलं. त्याच्या नाड्या दोनदा बदलल्या, वीण अजून शाबूत आहे.

एक राहिलंच. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं झालं तर उन्हाळ्यातही त्याला टोपडं-मोजे लागतात. तेव्हा माझं ऐकू नका, डॉक्टर सांगतील तसं करा. पूर्ण दिवसांच्या बाळालाही पहिले दोन-चार दिवस आणि कूलर-एसीच्या खोलीत पातळ सुती टोपडं असावं, फक्त मधूनमधून मानेमागे हात लावून बघा. ताईंचं ऊब लागते हे म्हणणं तेवढ्यापुरतं खरं होतं.

आणि बारशाला तिकडची आत्या लोकरीचा सेट घेऊन आलीच, तर फोटोपुरता तो बाळाच्या पायांशी ठेवा, कौतुक करा, थंडीत घालू म्हणा. पाहुण्यांसमोर काही बोलू नका. मी बोलले. त्यानंतर ताईंनी भावाच्या घरासाठी सुया हातात घेतल्या नाहीत. माझा मुलगा जानेवारीत झाला, तेव्हाही बाळंतविड्यात दुकानातला स्वेटर आला.