1947 साली एक डॉलर एका रुपयाला मिळत होता का? आणि जुन्या व्यवहारासाठी कोणत्या तारखेचा दर धरावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: नाही. 1947 साली रुपया डॉलरला नव्हे, तर पौंडाला बांधलेला होता आणि 1927 च्या कायद्याने ठरवलेला एका रुपयाला 1 शिलिंग 6 पेन्सचा भाव (12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड) तेव्हाही चालू होता. म्हणजे एक पौंड 13 रुपये 5 आणे 4 पैला पडत असे. पौंड 4.03 डॉलरचा असल्यामुळे डॉलर साधारण 3 रुपये 31 पैशांचा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, चांदीचा रुपया 2 शिलिंगांच्या आसपास होता, तेव्हासुद्धा डॉलरला दोन रुपये लागत. आपल्यावर परकीय कर्ज नव्हते म्हणून रुपया डॉलरच्या बरोबरीचा होता, हे मोबाइलवर फिरणारे ज्ञान निव्वळ थाप आहे. कर्ज नसल्याने दर एकास एक होत नाही. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात म्हणून आमच्याकडे प्रत्येक जण रुपयाचा जाणकार असतो आणि त्यांतले निम्मे तरी ही थाप छातीठोकपणे सांगतात.

पुढचे टप्पे सर्वांना माहीत असतात, म्हणून थोडक्यात लिहितो. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन होऊन डॉलर 4.76 रुपयांवर गेला. 6 जून 1966 रोजी तो 7.50 झाला. जुलै 1991 मध्ये 1 आणि 3 तारखेला दोन टप्प्यांत केलेल्या अवमूल्यनाने तो सुमारे 21 वरून 26 च्या घरात पोहोचला आणि मार्च 1993 पासून दर बाजार ठरवू लागला.

आपला दुसरा प्रश्न मात्र माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवणारा आहे. मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार असून आमच्या गटाचे हिशेब मीच ठेवत असे. 2013 च्या एप्रिलमध्ये, हंगामाच्या शेवटी, आम्ही एका निर्यातदारामार्फत दुबईला माल पाठवला. माल विकल्यावर येतील ते डॉलर, त्यातून भाडे, शीतगृह, पॅकिंग आणि दलाली वजा जाता उरेल ते शेतकऱ्याचे, असा व्यवहार होता. एप्रिलमध्ये डॉलर 54 रुपयांच्या आसपास होता. पैसे रखडत रखडत ऑगस्टच्या अखेरीस आले आणि नेमक्या त्याच आठवड्यात रुपया कोसळून डॉलर 68 च्या पुढे जाऊन आला होता. आमच्या हातात हिशेबपट्टी पडली, तिच्यात पेट्या, वजन, तूट आणि खर्च अगदी पैशापर्यंत मांडलेले होते. दराच्या रकान्यात मात्र माल बंदरातून निघाला त्या दिवसाचे 54 आणि काही पैसे लिहिलेले होते. निर्यातदाराच्या बँकेने ते डॉलर 67 च्या आसपास घेतल्याचा कागद मी आग्रहाने मागवून पाहिला. प्रत्येक डॉलरमागे जवळपास 13 रुपये मधल्या मध्ये राहिले होते.

व्यवहार जुळवून देणारा माझा चुलतभाऊ तेव्हा म्हणाला, "माल गेला त्या दिवशी जो भाव, तोच तुमचा. रुपया नंतर पडला, त्यात तुमची काय मेहनत?" पुढे वर्षभराने त्याने 2013-14 या आर्थिक वर्षाचा सरासरी दर 60.50 शोधून आणला आणि मध्यम मार्ग म्हणून तो धरावा, असे सुचवले. ज्या दराने एकही डॉलर बँकेत वटला नव्हता, त्या दराने हिशेब करायला मी साफ नकार दिला. वार्षिक सरासरी देशाची आयात-निर्यात अभ्यासणाऱ्यांसाठी असते. कुणाची पट्टी मिटवण्यासाठी नव्हे.

रुपयाच्या दराने कुणाचे भले होते, हा वाद आमच्या घरापुरता नाही. 1926 साली भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाने 1 शिलिंग 6 पेन्सची शिफारस केली, तेव्हा आयोगाचे सदस्य, मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदवून 1 शिलिंग 4 पेन्सचा आग्रह धरला होता. महाग रुपयामुळे निर्यात होणाऱ्या पिकाचे शेतकऱ्याला कमी रुपये मिळतात, हे साधे गणित त्यामागे होते. मग रुपया स्वस्त झाल्यावर वाढीव रुपये शेतकऱ्याच्या हाती पडू नयेत, हा कुठला न्याय?

तेव्हा आपण दर शोधताना आधी व्यवहार कोणता, ते पाहावे. पैसे खरोखर वटले असतील, तर बँकेने त्या दिवशी लावलेला दरच खरा. केवळ तुलना करायची असेल, तर रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर घ्यावा; जुलै 2018 पासून तो एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था काढते. सीमाशुल्क खाते आयातीला आणि निर्यातीला वेगवेगळे दर जाहीर करते, ते शुल्क आकारणीपुरतेच असतात. 1993 च्या आधीच्या अधिकृत दरांत एवढी रोजची उलथापालथ नव्हती, पण 1966 ते 1991 या काळात डॉलर 7.50 वरून हळूहळू 21 पर्यंत चढला, त्यामुळे वर सांगितलेल्या तारखांवर न थांबता त्या काळासाठीही त्या त्या दिवसाचा दर पाहावा.

एक गोष्ट सांगायला हवी. सौदा आधीच रुपयांत, बांधावर ठरलेला असेल, तर दराची जोखीम निर्यातदाराची आणि नफाही त्याचाच; तिथे शेतकऱ्याने बँकेचा कागद मागू नये. आमचा सौदा तसा नव्हता, आणि रुपया वधारून डॉलर 50 वर आला असता, तर चुलतभावाने एप्रिलचाच दर लावला असता का, याचे उत्तर त्याने मला अजून दिलेले नाही.