चिठ्ठीवर व्यायाम का येत नाही?

प्रश्न : गुडघ्यांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (सांध्यांच्या झिजेत) आधी व्यायाम, असं उपचारांचं धोरण सांगतं. मग आईच्या हाती दर वेळी एक्स-रे आणि गोळ्यांचीच चिठ्ठी का?

उत्तर : कारण व्यायाम शिकवायला वेळ लागतो, आणि तो कुणी द्यायचा हे धोरणात ठरलेलंच नसतं. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ते ठरवून चाललंय : प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, दोन माहितीवर्ग, देखरेखीखाली बारा व्यायामसत्रं. मी रुग्णाला हात न टेकता खुर्चीतून उठायला लावते. गुडघा आत वळतो तो तिथेच दिसतो. (पंचेचाळिशीपुढे लक्षणं ठळक असली, तर निदानासाठी एक्स-रे बहुधा लागतही नाही. पण काढला की सगळ्यांना बरं वाटतं!) आईंना म्हणावं, फिजिओथेरपीही लिहून मागा. व्यायामात थोडं दुखेल, चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर खुर्चीतली उठबस कमी करा, बंद नको.