म्यूऑनच्या एका आकड्यासाठी करिअर करावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि म्यूऑन या कणाच्या चुंबकीय परिबलात क्वार्कांचा (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्यांचे बनलेले असतात त्या कणांचा) वाटा किती, हे महासंगणकावर लॅटिस म्हणजे जाळीच्या पद्धतीने काढणाऱ्या संशोधनात जायचे तिने मनाशी पक्के केले आहे. 2021 साली निसर्गातील एखाद्या अज्ञात कणाची किंवा बलाची चाहूल लागल्याच्या बातम्या आल्या, त्या वाचून तिला या विषयाची ओढ लागली. 2025 साली सिद्धांत आणि प्रयोग यांच्यातील तफावत मिटल्याचे वाचून ती हिरमुसली, तरी तिचा विचार बदललेला नाही, असे आपण लिहिता. आपण तीन प्रश्न विचारले आहेत. विषय संपत आला असताना त्यात शिरण्यात अर्थ आहे का? पुढे कायमची नोकरी मिळाली नाही तर या शिक्षणाचा उपयोग काय? आणि एका आकड्यामागे वर्षानुवर्षे लागण्याइतका तिचा पिंड आहे की नाही, हे आई म्हणून आपण ओळखायचे कसे? यांतला तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, परंतु त्याचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या पोटात असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद आहे. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे 207 पट असते आणि तो सरासरी 2.2 मायक्रोसेकंद टिकतो. तो लहानशा चुंबकासारखा वागतो आणि त्या चुंबकाची ताकद ज्या संख्येने सांगतात ती डिरॅक यांच्या 1928 सालच्या समीकरणानुसार नेमकी 2 यायला हवी. प्रत्यक्षात ती किंचित जास्त भरते, कारण निर्वात पोकळी खऱ्या अर्थाने रिकामी नसते. तिच्यात क्षणभर उद्भवून विरणारे कण म्यूऑनच्या चुंबकत्वाला हातभार लावतात. 2 च्या वरचा हा जो जादा भाग असतो, त्याच्या निम्म्या संख्येभोवती हा सारा विषय फिरतो. अमेरिकेतील फर्मीलॅब या प्रयोगशाळेतील प्रयोगाने जून 2025 मध्ये आपले अंतिम मापन जाहीर केले: 0.001165920705. त्यातील अनिश्चितता एक अब्जात 127 भाग, एवढीच आहे.

या आकड्याचा बहुतेक सगळा भाग विद्युतचुंबकीय परिणामांचा असून तो कागदावरच्या गणिताने विलक्षण अचूक काढता येतो. क्वार्कांमुळे येणारा मुख्य भाग एकूण आकड्याच्या लाखात सहा भाग इतकाच आहे, पण सिद्धांतातील जवळजवळ सगळी अनिश्चितता तिथेच साठलेली आहे. म्यूऑनने सोडलेला फोटॉन पुन्हा शोषला जाण्यापूर्वी क्षणभर क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीत बदलतो, आणि कमी ऊर्जेला क्वार्कांमधले बल इतके प्रबल असते की एकेक पद मिळवत उत्तराजवळ जाण्याची नेहमीची रीत तिथे चालतच नाही.

मार्ग दोन उरतात. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरींतून मोजलेल्या आकड्यांवरून हा वाटा अप्रत्यक्षपणे काढणे, हा जुना मार्ग. दुसरा मार्ग भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी 1974 साली मांडलेल्या कल्पनेतून निघाला. तिच्यात अवकाश आणि काळ यांची चौमिती जाळी कल्पून क्वार्कांचे समीकरण त्या जाळीवर मांडतात आणि मूळ सिद्धांतातूनच थेट उत्तर काढतात. 2020 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जो सैद्धांतिक आकडा एकमताने दिला तो पहिल्या मार्गाचा होता आणि पुढे आलेल्या फर्मीलॅबच्या मापनाशी तो जुळला नाही. परंतु 7 एप्रिल 2021 रोजी, फर्मीलॅबने पहिला निकाल जाहीर केला त्याच दिवशी, बुडापेस्ट, मार्सेय आणि वुपर्टाल या तीन शहरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाचे लॅटिस गणित प्रसिद्ध झाले. त्याची अचूकता 0.8 टक्के होती आणि ते प्रयोगाच्या बरेच जवळ होते. त्यानंतर इतर गटांनी स्वतंत्रपणे केलेली गणिते, निदान त्या उत्तराच्या मधल्या टप्प्यापुरती (म्हणजे काळाची फार लहान आणि फार मोठी अंतरे वगळून उरणाऱ्या भागापुरती), त्याच बाजूला झुकली. 2023 मध्ये रशियातील नोव्होसिबिर्स्क येथील टकरींच्या एका नव्या मापनाचे आकडे जुन्या मापनांपेक्षा वर आले. अखेर 2025 साली त्याच आंतरराष्ट्रीय गटाने जुना मार्ग तूर्त बाजूला ठेवून लॅटिसवर आधारित आकडा स्वीकारला आणि तफावत मिटली.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. तफावत मिटली खरी, पण कशी मिटली तेही पाहिले पाहिजे. प्रयोगातील अनिश्चितता अब्जात 127 भाग आहे, तर सिद्धांतातील सुमारे 530 भाग. म्हणजे मापनापेक्षा गणित चौपट ढोबळ आहे. क्वार्कांच्या मुख्य भागाची अचूकता आज साधारण 0.9 टक्क्यावर आहे, आणि प्रयोगाच्या तोडीला यायचे तर ती 0.2 टक्क्याच्या आसपास न्यावी लागेल. इतक्या वर्षांच्या श्रमांतून झालेल्या मापनाचा पूर्ण उपयोग गणित मागे पडल्यामुळे होत नाही. त्यातच टकरींचे जुने आकडे एकीकडे आणि नवे मापन व लॅटिस दुसरीकडे, असे का व्हावे, हे कोडेही अजून सुटलेले नाही. म्हणून विषय संपला असे मी म्हणणार नाही. बातम्यांचा भर ओसरला आहे आणि माझ्या मते नेटाने काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हाच काळ अधिक चांगला. मात्र आपल्या मुलीला नव्या बलाचा शोध आपल्या हातून लागावा एवढीच आस असेल, तर मी तिला दुसरा विषय सुचवीन. इथे शंभरातला एक भाग कमी करण्यासाठी माणसे वर्षे देतात, आणि अखेरीस हाती येणारे उत्तर "जुना सिद्धांतच बरोबर होता" असेही असू शकते. त्या उत्तराचाही आनंद मनापासून वाटला पाहिजे.

प्रत्यक्ष काम कसे असते, ते थोडे जवळून सांगतो. जाळीच्या दोन बिंदूंमधले अंतर साधारण एका फेम्टोमीटरचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी असते. एक फेम्टोमीटर म्हणजे मीटरच्या एक हजार अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग. अशा जाळीवर पोकळीतील क्षेत्राच्या शेकडो ते हजारो नमुना-अवस्था यादृच्छिक पद्धतीने तयार करतात आणि प्रत्येक अवस्थेत एका क्षणी निर्माण केलेली क्वार्क-जोडी पुढच्या एखाद्या क्षणी कितपत टिकून असते, ते मोजतात. त्यातून जो आलेख मिळतो त्याचा सुरुवातीचा भाग स्वच्छ असतो. एका फेम्टोमीटरच्या पलीकडे मात्र आकडा लहान होत जातो, त्याच्याभोवतीचा गोंधळ त्या मानाने वाढत जातो, आणि नेमका तिथेच अप आणि डाऊन या हलक्या क्वार्कांचा मोठा वाटा दडलेला असतो. नमुन्यांची संख्या चौपट केली तर सांख्यिकीय अनिश्चितता निम्मी होते, त्याहून अधिक नाही. त्याखेरीज ही जाळी ज्या पेटीत मांडतात ती मर्यादित आकाराची असल्यामुळे येणारी चूक वेगळी, जाळीचे अंतर शून्य नसल्यामुळे येणारी वेगळी, आणि अप व डाऊन क्वार्कांची वस्तुमाने तसेच विद्युतभार सारखे नसल्यामुळे करावी लागणारी एखाद्या टक्क्याची दुरुस्ती आणखी वेगळी. संशोधकाचा बराचसा दिवस या प्रत्येक चुकीचा अंदाज बांधण्यात आणि तो अंदाज दुसऱ्या रीतीने ताडून पाहण्यात जातो.

या क्षेत्रातील एक प्रथा मला फार आवडते. अपेक्षित उत्तराकडे नकळत झुकू नये म्हणून स्वतःचेच उत्तर स्वतःपासून लपवून ठेवतात. फर्मीलॅबच्या प्रयोगात मुख्य घड्याळाची नेमकी कंप्रता गटाबाहेरच्या दोनच व्यक्तींना ठाऊक होती. विश्लेषण पूर्ण झाल्यावरच ती उघड करण्यात आली. अनेक लॅटिस गटही आपल्या आकड्यांना एका गुप्त संख्येने गुणून ठेवतात आणि सर्व निर्णय झाल्यावरच ती संख्या काढून टाकतात. हे ऐकून आपल्या मुलीचे डोळे चमकले, तर ते चांगले लक्षण समजावे.

आता तिसरा प्रश्न, म्हणजे पिंड ओळखण्याचा. त्यासाठी कलचाचणीपेक्षा एक छोटे काम मी अधिक भरवशाचे मानतो, आणि ते सुट्टीच्या तीन-चार आठवड्यांत साध्या लॅपटॉपवर पायथनमध्ये करता येते. स्प्रिंगला बांधलेल्या कणाचा, म्हणजे हार्मोनिक ऑसिलेटरचा, क्वांटम प्रश्न तिने जाळीवर मांडावा. इथे जाळी एकाच मितीची, काळाची. प्रत्येक बिंदूवर कणाचे स्थान यादृच्छिकपणे थोडे हलवायचे आणि तो बदल ठेवायचा की टाकायचा, हे मेट्रोपोलिसच्या नियमाने ठरवायचे. मग दोन वेगळ्या क्षणींच्या स्थानांचा परस्परसंबंध मोजून त्यावरून पहिल्या दोन ऊर्जापातळ्यांतील अंतर काढायचे. योग्य एककांत खरे उत्तर 1 आहे. जाळीचे अंतर 1 ठेवले तर सर्वांत साध्या मांडणीत उत्तर 0.962 च्या आसपास यायला हवे आणि अंतर निम्मे केले तर 0.990 च्या आसपास. हे आकडे 1 पेक्षा कमी आले म्हणजे प्रोग्राम चुकला असे नाही. जाळी घेतल्याची ती किंमत आहे, आणि अंतर निम्मे केल्यावर चूक जवळजवळ चौथाईवर येते. अंतराच्या वर्गाबरोबर चूक कमी होते, एवढे धरून त्या दोन आकड्यांवरून शून्य अंतरापर्यंत सरळ रेषा नेली की 0.999 मिळते. म्यूऑनच्या गणितात महासंगणकावर जे करतात त्याचा गाभा हाच आहे, फक्त तिथे खरे उत्तर आधीपासून कोणालाच माहीत नसते.

या कामात तिचे गणित किती जलद होते याकडे आपण लक्ष देऊ नये. लक्ष द्यावे ते पहिले उत्तर हाती आल्यावर ती काय करते याकडे. लागोपाठच्या अवस्था एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात, त्यामुळे हजार नमुने घेतले तरी खरोखर स्वतंत्र नमुने कदाचित पन्नासच असतात आणि अनिश्चितता दिसते त्याहून बरीच मोठी असते. ही गोष्ट तिच्या लक्षात आल्यावर ती वैतागून फाईल बंद करते की रात्री जेवताना तुम्हालाच ती समजावून सांगू लागते, यावरून बरेच काही कळेल. मी अशा विद्यार्थ्यांशी बोललो आहे ज्यांना समीकरणे अतिशय सुंदर जमत, पण आकड्यापुढची अनिश्चितता काढणे हे त्यांना दुय्यम, कारकुनी काम वाटे. त्यांनी शुद्ध सिद्धांताकडे वळावे, असे मी सांगितले. उलट ज्यांना त्या अनिश्चिततेतच खरा प्रश्न दिसतो, त्यांना लॅटिससारखे घर नाही.

दुसऱ्या प्रश्नावर आडपडदा न ठेवता लिहितो. पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएच.डी.ची चार ते सहा वर्षे आणि त्यानंतर बहुधा दोन किंवा तीन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नेमणुका), प्रत्येक दोन-तीन वर्षांचा आणि बऱ्याचदा वेगळ्या देशात, असा हा रस्ता आहे. शेवटी कायमच्या जागा पीएच.डी. झालेल्यांच्या मानाने फारच थोड्या असतात, आणि हुशार व कष्टाळू माणसालाही ती मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हे तिला आजच माहीत असावे. पण या वर्षांत हाताला जे वळण लागते ते वाया जात नाही. हजारो प्रोसेसरांवर एकाच वेळी चालणारा सी प्लस प्लस मधील प्रोग्राम लिहिणे, ग्राफिक्स प्रोसेसरांवर तो वेगवान करणे, आणि गोंगाटातून अर्थ काढून त्याची अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगणे, ही कौशल्ये हवामानाच्या प्रतिकृतींपासून वित्तीय विश्लेषणापर्यंत लागतात. एकच उदाहरण देतो: लॅटिसवरील क्वार्कांसाठी 1987 साली मांडलेली हायब्रिड मोंटे कार्लो ही यादृच्छिक नमुने घेण्याची पद्धत आज हॅमिल्टोनियन मोंटे कार्लो या नावाने संख्याशास्त्रात सर्रास वापरली जाते.

तेव्हा पुढच्या दोन वर्षांसाठी माझे सांगणे असे. क्वांटम यांत्रिकी, सांख्यिकीय भौतिकी आणि संभाव्यता यांचा पाया तिने कच्चा ठेवू नये. क्वांटम क्षेत्र सिद्धांत पदव्युत्तर वर्गात येईल, त्याची आत्ताच घाई नको. लिनक्स आणि सी प्लस प्लस मात्र आत्तापासून हाताखालचे असावेत. लॅटिस गटांचे ग्रिड (Grid) आणि क्यूडा (QUDA) यांसारखे प्रोग्राम सर्वांसाठी खुले आहेत. ते पूर्ण समजणार नाहीत, पण मोठा प्रोग्राम कसा रचतात ते दिसेल. पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना केवळ गटाचे नाव पाहू नये. गटाला महासंगणकावर किती वेळ मिळतो, विद्यार्थ्याला स्वतःचे विश्लेषण स्वतंत्रपणे करू देतात का, आणि आधीचे विद्यार्थी पुढे कुठे गेले, हे तिने त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत दुसरी दारे बंद करण्याचे काहीच कारण नाही, आणि संगणकशास्त्र घेण्याचा जो आग्रह नातेवाईक धरत असल्याचे आपण लिहिले आहे, त्याच्या आड हा मार्ग फारसा येतही नाही.

सुट्टीतले ते काम पूर्ण झाले की जाळीच्या दोन्ही अंतरांसाठी आलेले आकडे तिने मला जरूर कळवावेत. ते 0.962 आणि 0.990 शी तंतोतंत जुळले नाहीत तरी चालेल. प्रत्येक आकड्यापुढे त्याची अनिश्चितता आणि ती कशी काढली, एवढे मात्र लिहिलेले असावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक