ठाण्यात कॅज्युअल्टीला लागणाऱ्या नर्सने नातेवाइकांच्या मारहाणीपासून कसं सांभाळायचं? आणि मारहाण झालीच तर तक्रार कोणी द्यायची?

तुमची धाकटी बहीण पुढच्या महिन्यात ठाण्यातल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला रुजू होणार आहे, तिथे नुकतीच एका सिस्टरला नातेवाइकांनी मारहाण केली आणि घरचे 'सोड ती नोकरी' म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. नोकरीचं तिचं तिने ठरवावं. पण एक गोष्ट तिला आधी सांगा: हात उगारला जाण्याआधी बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटं वातावरण तापत असतं, आणि ते तापताना दिसतं.

2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आपत्कालीन विभागाच्या अभ्यासातून पाच खुणा मांडल्या गेल्या: रोखलेली नजर, चढलेला आवाज, बेचैनी, पुटपुटणं, येरझाऱ्या. कळव्यात काय नि वाशीत काय, खुणा त्याच. आपल्याकडची सहावी मी जोडेन. एक जण दाराबाहेर जाऊन फोनवर 'पोरांना घेऊन ये' म्हणतो. हे कानावर पडलं की ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आणि सिक्युरिटीला लगेच सांगायचं. गर्दी आत आल्यावर एकटा गार्ड काही करू शकत नाही.

ठिणगी बहुतेकदा वाट पाहण्यातून पडते. आपला माणूस ट्रॉलीवर कण्हतोय आणि सिस्टर शेजारून दुसऱ्याकडे धावतेय, एवढंच नातेवाइकाला दिसतं. गंभीर पेशंट आधी घेतात हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून तिने सांगावं: "काका, पेशंटचं बीपी आणि ऑक्सिजन मी आत्ताच पाहिलाय, दोन्ही ठीक आहेत. पलीकडच्याचा श्वास अडकतोय, म्हणून डॉक्टर तिथे आहेत. पंधरा मिनिटांनी मी पुन्हा येते." आणि पंधरा मिनिटांनी खरंच जावं, सांगायला नवीन काही नसलं तरी. 'शांत व्हा' आणि 'डॉक्टरांना विचारा' ही दोन वाक्यं आगीत तेल ओततात. घरच्यांपैकी एकालाच पुढे घ्यावं, त्याचं नाव विचारून घ्यावं आणि जे सांगायचं ते त्यालाच.

सगळ्यात धोक्याचे क्षण दोन. शहापूर-मुरबाडहून एवढं अंतर कापून आणलेल्या पेशंटला 'इथे व्हेंटिलेटर रिकामा नाही, सायनला न्या' सांगायचं तो एक, आणि मृत्यूची बातमी हा दुसरा. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनीच सांगायच्या असतात. पण सांगून झालं की ते पुढच्या पेशंटकडे वळतात आणि कागद हातात घेऊन सिस्टर मागे उरते. हे मला अजिबात मान्य नाही आणि तिनेही मान्य करू नये. बातमी सांगताना डॉक्टरांसोबत अजून एक जण हवा, घरच्यांना बाजूला बसवायला हवं, गार्डला आधी कळवायला हवं. पेशंट गेलेला असताना 'प्रयत्न चालू आहेत' म्हणत वेळ काढला, की नंतर 'आमच्यापासून लपवलं' म्हणून भडका उडतो. त्या पाच मिनिटांत ड्रेसिंगची ट्रॉली, रिकामी सलाइन स्टँड आणि ऑक्सिजन सिलेंडरचा पाना हाताच्या टप्प्यातून हलवावेत. फेकायला हेच उचललं जातं.

उभं राहताना दोन हात अंतर ठेवायचं, अंग थोडं तिरकं, हात उघडे. पाठ दाराकडे असावी, औषधाच्या कपाटाकडे नाही. कात्री वरच्या खिशात नको. गळ्यातल्या ओळखपत्राची फीत ओढली की सुटणारी घ्यावी.

पेशंट स्वतःच अंगावर येत असेल तर आधी ग्लुकोमीटर आणि ऑक्सिमीटर लावता येतो का ते बघायचं. साखर उतरलेली, ऑक्सिजन कमी पडलेला, डोक्याला मार लागलेला किंवा दारू अचानक सुटलेला माणूस अगदी असाच वागतो. बांधावं लागलं तर डॉक्टरांची लेखी ऑर्डर, कारण आणि वेळ नोंदवूनच.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध वेगळा कायदा आहे. त्यात नोंदणीकृत नर्स आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीही येतात, रुग्णालय सरकारी असो वा खासगी. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड 50,000 रुपयांपर्यंत, आणि मोडलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. म्हणून काय फुटलं त्याची यादी आणि बिलं लागतात.

तक्रार नेमकी इथेच फसते. अर्जात नुसतं 'मारहाण केली' लिहिलं, तर साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), अदखलपात्र असल्याने पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन परत पाठवलं जातं. त्यामुळे अर्जात 2010 च्या कायद्याचं नाव हवंच. सरकारी किंवा मनपाची कर्मचारी असेल तर कलम 121 आणि 132 सुद्धा. एफआयआर घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 173(4) खाली लेखी तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवता येते. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय आहे, म्हणजे परिमंडळाच्या उपायुक्तांकडे.

तक्रार रुग्णालयाने द्यायला हवी, एकट्या सिस्टरने नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने केंद्रीय रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना कळवलं, की ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने संस्थेतर्फे एफआयआर करावा. तिचं रुग्णालय त्यात बसत नसलं तरी मेट्रनपुढे हा दाखला ठेवता येतो. नातेवाइकांचा माफीनामा घेऊन प्रकरण मिटवायचं असेल तर निदान तिची सही जबरदस्तीने घेतली जाऊ नये.

पहिल्या तासात तिने करायचं ते असं. 112 ला फोन. स्वतःची एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची इजेची वैद्यकीय नोंद, आणि ती दुसऱ्या कोणीतरी लिहायची: डाव्या दंडावर चार सेंटिमीटरचा वळ, इतकं नेमकं. तक्रारीत लिहायचं: शिवी दिली ती जशीच्या तशी, कोणत्या हाताने, कशाने, ड्यूटीवरचे मामा-मावशी (वॉर्डबॉय आणि आया) साक्षीला, आणि किती मिनिटं बाकीच्या पेशंटचे उपचार थांबले. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते राखून ठेवण्याचं पत्र त्याच दिवशी द्यावं. न्यायालयात ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) च्या प्रमाणपत्रासह लागतं. केसपेपरवरचे रिकामे रकाने घटनेनंतर भरू नयेत. आधीची खरी नोंद त्यामुळे संशयात येते.

झटापटीत सुई टोचली किंवा जखमेवर रक्त उडालं, तर साबण-पाण्याने धुवून पीईपीची, म्हणजे एचआयव्हीची लागण रोखणारी, गोळी शक्यतो दोन तासांत सुरू करायची. 72 तासांनंतर तिचा उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर अपघाताच्या वहीत इजेची नोंद करून घ्यावी.

अंगाला नको तसा हात लावला असेल, तर तो बाहेरचा नातेवाईक होता म्हणून अंतर्गत समिती हात झटकू शकत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्यांपासूनही संरक्षण देणं मालकावर बंधनकारक आहे.

रुजू होण्याआधी तिने इन्चार्ज सिस्टरला विचारावं: नाइटला किती जणी असतात, गार्ड कुठे उभा राहतो, अलार्मची बेल कुठे आहे. आणि पहिल्याच दिवशी, सगळ्यांना सांगून, ती बेल एकदा दाबून बघावी.