खेड्यातल्या शिक्षणासाठी की आरोग्यासाठी? वर्षाला २५ हजार द्यायचे आहेत, कुठे द्यावेत?

नावाची पाटी लागणार असेल तिथे देऊ नका, एवढं आधी सांगते.

आबा गेले त्या वर्षी आम्ही तिघा भावंडांनी त्यांच्या नावाने दीड लाख काढले. आबांचा जन्म बडोद्यात दांडिया बाजारात गेला. सयाजीरावांचे ते असे भक्त, की १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू झालं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झालं, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवायचे. म्हणून दादाने ठरवलं, पैसे शाळेलाच. छोटा उदेपूरकडच्या एका निवासी शाळेला सहा कॉम्प्युटर गेले. काय हवंय ते आधी विचारूया, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "दान देताना याद्या मागवायच्या नसतात."

दोन वर्षांनी मी एकटीच जाऊन आले. खोलीला कुलूप, किल्ली हेडमास्तरांकडे, हेडमास्तर मीटिंगला. खिडकीतून डोकावले तर सहाही कॉम्प्युटरांवर फुलाफुलांचे अभ्रे, इस्त्री केलेले. शिकवणारा मुलगा पगार मिळेना म्हणून केव्हाच सोडून गेला होता. दाराशी संगमरवरी पाटी. आबांचं नाव बारीक, खाली 'सौजन्य' म्हणून दादाचं ठसठशीत.

ओट्यावर सातवीतली एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सिकल सेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. त्या आदिवासी पट्ट्यात हे घरोघरी ऐकू येतं. आईबाप दोघेही वाहक असले तर दर बाळंतपणाला मुलाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यायची आणि अधूनमधून रक्त तपासून घ्यायचं. गोळ्या फुकट मिळतात, बाई म्हणाल्या, पण आणायला जायचं म्हणजे आधी जीप, मग एस.टी., आणि बापाची दिवसाची मजुरी बुडाली. दोन महिने कोणी गेलंच नव्हतं. बाईंनी हजेरीची वही दाखवली, तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग. तेव्हा शिक्षण की आरोग्य, हे मला काही वेगळं करून सांगता येणार नाही.

सिकल सेलची सरकारी मोहीम २०२३ पासून आहे, तपासणी होते, कार्डही मिळतं. कार्ड बघून जीपवाला फुकट नेत नाही.

म्हणून भाडं, पगार, लाइटबिल, असल्या कंटाळवाण्या खर्चाला द्या. आणि एकदाच २५ देऊन मोकळे होऊ नका, निदान तीन वर्षं द्या. शिकवणारा टिकला तर त्यानेच टिकतो. मी त्या बाईंकडे गाडीभाड्याचे पैसे पाठवते. त्या वहीत तारीख आणि तिकीट चिकटवून ठेवतात, तेवढा हिशोब मला पुरतो. दादा म्हणतो, "यात दिसणार काय?"

बांधकामाला देऊच नका असं नाही हं. मुलींच्या संडासासाठी मागितले तर जरूर द्या, फक्त पाणी कुठून येणार ते विचारून घ्या. आणि देणगीवरची आयकराची सूट, जिला ८०जी म्हणतात, ती हवी असेल तर २००० च्या वर रोख देऊ नका. नव्या करपद्धतीत असाल तर ती सूट तशीही नाहीच.

संस्थेचं नाव मात्र विचारू नका, मी सांगणार नाही. दादाला कळलं तर तिथेही पाटी लावून येईल.