मोठं टेबल की सरकतं टेबल? पैसे कुठे घालायचे

नमस्कार.

तुमची परिस्थिती इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. भाड्याच्या 20 बाय 30 फुटी गाळ्यात तुम्ही मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बनवता. त्यासाठीच्या बोर्डाच्या शीट बाहेरून कापून आणायला टेंपोसकट महिन्याला साधारण 10,200 रुपये जातात. आता दोन कोटेशनं हातात आहेत. एक स्थानिक बनावटीचं, करवत बसवलेलं 8 बाय 5 फुटांचं पक्कं, म्हणजे न सरकणारं टेबल, सगळं धरून 95,000. दुसरं 3200 मिलिमीटर सरकत्या टेबलाचं पॅनेल सॉ, म्हणजे शीट कापायचं करवतीचं मशीन, 3,60,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,24,800. चालू खात्यात दीड लाख आहेत आणि 4 लाखांची एफडी मुलीच्या दीड वर्षांनी होणाऱ्या प्रवेशासाठी राखली आहे. तुम्ही विचारता, टेबल मोठं असलं की हात सुरक्षित राहतो, मग स्वस्तातलं का घेऊ नये?

कारण टेबल मोठं झालं म्हणून हात पात्यापासून लांब जात नाही. पक्क्या टेबलावर शीट तुम्हालाच पुढे ढकलावी लागते. 18 मिलिमीटरची 8 बाय 4 ची एमडीएफ शीट 40 किलोच्या आसपास भरते. शेवटच्या दोन फुटांत माणूस कमरेतून वाकतो, तोल पुढे जातो आणि कापलेला तुकडा घ्यायला हात पात्यावरून पलीकडे जातो. टेबल जितकं रुंद, तितकं वाकणं जास्त. त्यात शीट गाइड (शीट सरळ ठेवणारी पट्टी) आणि पात्याच्या मध्ये अडकून उलटी आली, तर तुम्ही नेमके तिच्या समोर उभे असता. सरकत्या टेबलावर शीट गाडीवर, म्हणजे टेबलाच्या सरकणाऱ्या भागावर बसते, गाडी पुढे जाते आणि तुम्ही पात्याच्या डावीकडे, बाजूला उभे राहता. तुमचे जास्तीचे पैसे या फरकासाठी जातात, आणि मला ते योग्य वाटतात.

आता हिशेब. 95,000 च्या मशीनला स्कोरिंगचं, म्हणजे मुख्य पात्याआधी बोर्डाला खालून चीर देणारं, छोटं पातं नाही. लॅमिनेट लावलेला बोर्ड त्यावर खालून चिपतो, म्हणजे तुमचं बरंचसं काम बाहेरच कापून आणावं लागेल आणि 10,200 चा खर्च फारसा कमी होणार नाही. पॅनेल सॉसाठी 3 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 9,800 येतो. मुद्रा योजनेच्या किशोर गटात एवढी रक्कम बसते आणि तारण लागत नाही. वीज आणि पात्याला धार लावणं धरलं, तर पहिली तीन वर्षं जेमतेम बरोबरी होईल. नफा त्यानंतर सुरू होतो. म्हणून गाळ्याचा करार किमान तीन वर्षांचा होत असेल तरच पुढे जा.

एफडी मोडू नका. मशीनच्या 3,60,000 पैकी 3 लाख कर्ज आणि 60,000 चालू खात्यातून. जीएसटीचे 64,800 मात्र एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेऊन भरा. तुम्ही नियमित जीएसटीत असाल तर ही रक्कम तुमच्या विक्रीवरच्या करातून वळती होते, तशी ती फेडत जा. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत असाल तर हे क्रेडिट मिळत नाही आणि मशीन तुम्हाला पूर्ण 4,24,800 लाच पडतं. तसं असेल तर सीएशी बोलल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. चालू खात्यात उरलेल्या 90,000 मधून थ्री फेज जोडणी आणि डस्ट कलेक्टर करायचा आहे, हेही विसरू नका.

जागा आधी मोजा. हे टेबल पुढे-मागे पूर्ण सरकायला लांबीत 22-23 फूट मोकळे लागतात. तुमच्या 30 फुटांत ते बसेल, पण जोडणीची जागा बरीच आकसेल.

विमा हा तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं संरक्षण देते, जरूर घ्या. पण अपघाती मृत्यू सोडला, तर तिच्यात अख्खा हात, पाय किंवा डोळा निकामी झाला तरच भरपाई आहे. बोट गेलं तर काही मिळत नाही, आणि सुताराच्या धंद्यात जातं ते बोट. म्हणून स्वतःसाठी वैयक्तिक अपघात पॉलिसी वेगळी घ्या. तिच्यात कायमचं अंशतः अपंगत्व आणि काम बंद असतानाची साप्ताहिक भरपाई, दोन्ही असायला हवं. अर्जात व्यवसाय खरा लिहा, यंत्रावर काम करतो हे लपवलं तर दावा अडकतो. हेल्परला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालक म्हणून तुमच्यावर येते, त्याचा विमाही याच वेळी करा.

डीलरकडे जाल तेव्हा मशीन बंद ठेवून पूर्ण शीट गाडीवर चढवायला सांगा आणि स्वतः उभे राहून बघा. टेबल कमरेच्या उंचीवर येतं का, पात्यावर न वाकता कापलेला तुकडा हाती येतो का, शीट धरलेली असताना बंद करायचं बटण गाठता येतं का. हेल्पर तुमच्यापेक्षा बुटका असेल तर त्यालाही उभं करा. पात्यावरचं गार्ड, पात्यामागची फाळ (कापलेली फट मिटू न देणारी पट्टी) आणि पुश स्टिक (हाताऐवजी तुकडा ढकलायची काठी) कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि शेवटचे 10 टक्के तुमच्या गाळ्यात मशीन बसून शीट सरळ कापली गेल्यावरच द्या.